रिकामी गेलेली अंडी

सगुणानं खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि चटकन मागं घेतला. कोंबडीनं चोच मारली म्हणून नव्हे, ती तर रोजच मारायची. हाताला काहीतरी ओलसर, गरम लागलं होतं, आणि ते हललं होतं.

शेजारी घमेलं आणि कुदळ आणून ठेवलेली होती. अंडी काढायची, पोफळीच्या बुडाशी पुरून टाकायची आणि दोन दिवस या बयेला डालग्याखाली कोंडून तिचं खूळ उतरवायचं, असा आजचा बेत होता. कालच हेमाली सांगून गेली होती, की मागच्या टोपलीतलं एकही अंडं उबवणीच्या मशीनमध्ये निघालं नाही, सगळी रिकामी गेली. त्याच टोपलीतली मूठभर लाव्यांची अंडी सगुणानं या कोंबडीखाली सरकवली होती, तीही केवळ तिची कटकट थांबावी म्हणून. खुडूक झालेली कोंबडी गोट्यांवरसुद्धा मन लावून बसते. मशीनमध्ये जी निघाली नाहीत ती हिच्या पिसांखाली निघतील, असं सगुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तिनं कोंबडीला दोन्ही हातांनी अलगद उचललं. खाली पेंढ्यात टरफलांचा सडा पडला होता आणि त्या सड्यात सुपारीएवढी पिल्लं एकमेकांवर चढत होती. पाठीवर पिवळे-तपकिरी पट्टे, डोकी अजून ओली. एक पिल्लू तिच्या बोटावर चढलं, दोन पावलं चाललं आणि कोलमडून बसलं.

"अगो बाय माजी," ती कोंबडीला म्हणाली. "तू काडलीस व्हय?"

कोंबडीनं तिच्या मनगटाला टोचलं. सगुणा हसली. भर अंगणात, एकटीच, मोठ्यानं हसली. मग धावपळ सुरू झाली. करवंटीत पाणी ओतलं, पिल्लं बुडू नयेत म्हणून त्यात खडे टाकले, तांदळाची कणी पाट्यावर आणखी बारीक केली. दोन अंडी कोंबडीच्या वजनानं चेपली होती, एक तसंच गप्प पडून होतं. बाकी सगळी निघाली होती.

टरफलं गोळा करता करता तिचे हात थांबले.

एकाच टोपलीतली अंडी. त्याच माद्यांची, त्याच नरांची. वरच्या आळीतल्या हेमालीच्या मशीनमध्ये सगळी रिकामी आणि इथं पेंढ्यात बहुतेक सगळी भरलेली. सगुणा शाळेत सातवीपर्यंतच गेली होती, पण एवढं समजायला सातवीही लागत नाही. मशीन बिघडलं असेल, असं तिनं मनाला सांगून बघितलं. पण बिघडलेल्या मशीनमध्ये अंडं आधी भरतं, जीव धरतं आणि मग आतल्या आत मरतं; फोडलं की दिसतं. हेमाली रिकामी म्हणाली होती. एकदा नव्हे, कालची धरून चार वेळा.

लावे सगुणाच्या घरी आले ते वादळानंतर. वादळात पोफळी आडव्या झाल्या, माड मोडले, आणि जिथं दुपारीसुद्धा अंगाला गारवा लागायचा त्या वाडीत ऊन कायमचं राहायला आलं. नवरा धर्मा रोह्याला कंपनीत, सुटीला घरी यायचा. दिवेआगरला उतरणारे पाहुणे लाव्यांची ठिपक्याठिपक्यांची अंडी कौतुकानं खातात असं कानावर आलं, म्हणून तिनं जपानी लाव्यांचे पिंजरे मांडले. पहिल्याच मे महिन्यात निम्मे लावे माना टाकून गेले. लावा उन्हानं मरताना ओरडत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो आणि मग कोपऱ्यात जाऊन झोपल्यासारखा पडतो. त्या उन्हाळ्यात सगुणा रोज दुपारी पोती भिजवून पिंजऱ्यांवर टाकत होती आणि टाकता टाकता रडत होती.

पण जे जगले त्यांना तिनं सोडलं नाही. त्यांचीच अंडी उबवून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात त्या पिल्लांतलीही काही गेली, उरलेल्यांची पुन्हा उबवली. पहाटे थंडाव्यात दाणा घालायचा, भर दुपारी दाणा काढून घ्यायचा, पाण्यात गूळ-मीठ, छपरावर माडाची झापं. असं करत करत तिच्याकडं असे नर तयार झाले की डोक्यावर पत्रा तापून कडकड वाजत असताना ते छाती काढून ओरडायचे. गावोगावचे लोक ते नर मागायला यायचे. सगुणा अंडी द्यायची, लावे द्यायची, पण त्या नरांना कुणाला हात लावू द्यायची नाही. धर्मा चेष्टेनं म्हणायचा, माझ्यापेक्षा त्यांचा मान मोठा. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

अडचण एकच होती. पाळलेली लावी अंडं घालते आणि विसरून जाते, उबवायला बसत नाही. आईपण तिच्या रक्तातून कधीचंच गेलेलं. त्यासाठी मशीन लागतं, आणि पंचक्रोशीत मशीन एकट्या हेमालीकडं होतं.

हेमाली म्हणजे काही परकी नव्हे. दोघी काशीदच्या, एकाच आळीतल्या. धर्माच्या चुलतभावासाठी मुलगी बघत होते तेव्हा हेमालीचं नाव सगुणानंच काढलं, आणि मुलगी सुखात राहील असा शब्द तिच्या बापाला सगुणानंच दिला. सासरच्या गावात माहेरचं माणूस मिळणार म्हणून हळदीला ती नवरीच्या बहिणींपेक्षा जास्त नाचली होती. पुढं अंडी सगुणाची, मशीन हेमालीचं आणि पिल्लं निम्मी-निम्मी असं दोघींचं ठरलं. हेमाली टोपली घेऊन जायची, अठराव्या दिवसानंतर पिल्लं घेऊन यायची, आणि मग दोघी पडवीत चहा पीत काशीदच्या लोकांची यथेच्छ उणीदुणी काढायच्या.

होळीनंतर ती पहिल्यांदा रिकाम्या हातानं आली.

"न्हाय निगाली, ताई. सगळी रिकामी."

"सगळी? असं कसं व्हईल?"

"ऊन बग केवडं हाय. नर थंड पडले असतील."

हे खोटं वाटण्यासारखं नव्हतंच. उन्हात नर थंड पडतात हे सगुणालाही माहीत होतं. दुसरी टोपली गेली, तीही रिकामी. तिसरीही. मग सगुणानं एकेक नर हातात घेऊन बघितला. नराच्या शेपटीखाली बोराएवढी गाठ असते, ती दाबली की पांढरा फेस येतो. फेस येतो तोवर नर चांगला. तिच्या प्रत्येक नराला फेस येत होता, साबणासारखा, भरपूर. तिनं तो बघितला, बोटं पदराला पुसली, आणि तरीही हेमालीचंच खरं मानलं. आता टरफलं मुठीत धरून उभी असताना तिला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिनं हेमालीच्या तोंडावर जास्त भरवसा ठेवला होता.

थंड पडलेले नर ठेवून करायचं काय? दाणे खातात, माद्यांच्या पाठी टोचून सोलतात आणि तरण्या नरांना जवळ फिरकू देत नाहीत. जुने नर काढायचे आणि तरणे ठेवायचे, हे पंधरवड्यापूर्वी सगुणानं स्वतःच ठरवलं. हेमालीनं सुचवलं नव्हतं. हेमाली फक्त गप्प राहिली होती.

सगुणा सुरी घेऊन मागल्या दारी बसली, पहिला नर हातात घेतला आणि तिचा हात चालेना. दोन उन्हाळे अंगावर काढलेला नर. त्याचं काळीज तिच्या तळव्यात धडधडत होतं.

"तुज्यानं न्हाय व्हनार, ताई," हेमाली म्हणाली. "तू आत जा. मी करते."

आणि तिनं केलं. पदर खोचून, एकामागून एक, सफाईनं. आत चुलीपाशी बसलेल्या सगुणाला तेव्हा बरं वाटलं होतं. आपल्या वाटचं वाईट काम कुणीतरी मायेनं स्वतःच्या अंगावर घेतलं, असं वाटून तिचे डोळे भरून आले होते. हेमालीनं ते धुऊन, हळद-मीठ लावून आणून दिले, सगुणानं खोबऱ्याचं वाटण घालून कालवण केलं. धर्मा सुटीवर होता, तो पोटभर जेवला. हेमालीही भाकरी मोडून बसली. एक शब्द पुरला असता. मारू नको, एवढाच. तो तिनं गिळला आणि वर रस्सा मागून घेतला.

सगुणानं टरफलं घमेल्यात टाकली आणि ती वरच्या आळीकडं निघाली. पायांत चपलाही नव्हत्या. देवळाच्या वळणापर्यंत गेली आणि उभी राहिली. पुढं काय होणार ते तिला चालता चालताच दिसायला लागलं होतं. हेमाली आधी डोळे मोठे करील, मग पोराची शपथ घेईल, मग रडेल. रडताना हेमालीचं नाक लहान मुलासारखं लालबुंद होतं, आणि ते नाक बघितलं की सगुणा विरघळणार. स्वतःला ती एवढं तरी ओळखून होती. ती तशीच मागं फिरली आणि घरी येऊन तिनं काशीदला फोन लावला, भावाच्या बायकोला.

"शकू, हेमालीच्या म्हायेरी सगळं बरं हाय ना गो?"

"बरं? जोरात हाय! अल्पेशनं लाव्यांचं काडलंय ना. मागल्या दारी नुसते पिंजरेच पिंजरे. शनवार-रईवार पाव्हन्यांच्या गाड्या उभ्या ऱ्हातात."

अल्पेश हेमालीचा धाकटा भाऊ. त्याला सगुणानं कडेवर घेऊन समुद्रावर फिरवलेलं होतं.

"कवा काडलं?"

"शिमग्यानंतर. तुला ठाव न्हाय? मला वाटलं तूच दिलंस. तो तर समद्यांना सांगतो, सगुणाताईचं बी हाय, मे महिन्यातबी मरनार न्हाय. तुजं नाव घेतो हां, खोटं कशाला बोला."

"व्हय," सगुणा म्हणाली. "नाव घेतो ते बरं हाय."

तिनं फोन ठेवला. पिल्लं गेल्याचं तिला तेवढं लागलं नाही. अल्पेशसाठी मागितली असती तर तिनं टोपलीभर दिली असती, वर दाणाही बांधून दिला असता. लागलं ते वेगळंच. ही बाई दोन महिने समोर बसून चहा प्यायली, तिच्या नरांसाठी हळहळली, तुझं नशीबच खोटं गं ताई असं म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली, आणि इतक्या दिवसांत एकदाही तिची जीभ अडखळली नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असेल, तर कापताना काहीच कळत नाही, हे सगुणाला नव्यानं समजलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमाली टोपली न्यायला येणार होती. तरण्या नरांची पहिलीच टोपली. सगुणानं सकाळीच कोंबडीला पिल्लांसकट न्हाणीमागच्या खोपटात नेऊन ठेवलं. मग चुलीवर मोठं पातेलं चढवलं.

पाण्याला उकळी आली तेव्हा ती टोपली पुढ्यात घेऊन बसली. या अंड्यांतही जीव धरलेला असणार, हे तिला आता पुरतं ठाऊक होतं. पहिलं अंडं तिनं डावातून पाण्यात सोडलं. हे पाप आहे असं तिला वाटलं, आणि ते पाप हेमालीच्या खात्यावर टाकून मोकळं होता येईना, कारण डाव तिच्याच हातात होता. तरी तिनं सगळी सोडली. शिजल्यावर चाळणीत निथळली, पेंढ्यावर पसरून सावलीत सुकवली. कवच फार स्वच्छ दिसायला लागलं होतं म्हणून पिंजऱ्याखालची चिमूटभर घाण आणून दोन-चार अंड्यांना लावली, एकाला पीस चिकटवलं. टोपलीत खाली भाताचा कोंडा पसरून वर ती नेहमीसारखी टोकं खाली करून मांडली. अशी सफाई आपल्याला कधीपासून यायला लागली, याचं तिला नवल वाटलं.

हेमाली आली, बसली, चहा प्यायली. टोपली मांडीवर घेऊन तिनं डोळे मिटले आणि कपाळाला हात लावला.

"या टायमाला तरी निगू देत गो बाय. तुजं तोंड बगवत न्हाय मला."

सगुणानं तिच्याकडं नीट बघितलं. चेहऱ्यावर कुठं काही हललं असतं, पापणी लवली असती, तरी तिनं टोपली हिसकावून घेतली असती आणि काय ते तिथंच बोलून टाकलं असतं. काहीच हललं नाही. किती सरळ तोंड होतं ते.

"बगू," सगुणा म्हणाली. "देवाची विच्छा."

त्या आठवड्यात धर्मा घरी आला. खोपटात कोंबडीमागून पळणारी पिल्लं बघून त्यानं विचारलं, आणि सगुणानं सगळं सांगून टाकलं. तो खाटेवरून ताडकन उठला.

"चल, आत्ताच्या आत्ता. तिच्या नवऱ्यासमोर इचारू."

"नको."

"नको म्हंजे? माजे नर मारले तिनं!"

"तवा दोन येळा रस्सा घेतला व्हता तुमी."

धर्मा खाली बसला. त्यानं विचारलं, "मंग करनार काय तू?"

"वाट बगनार."

कशाची, ते त्यानं विचारलं नाही आणि तिलाही धड सांगता आलं नसतं. अठरा दिवस हेमाली मशीनसमोर बसून तापमान बघेल, दिवसातून तीनदा अंडी फिरवील, वीज गेली की धावत जाऊन मशीनला गोधडी गुंडाळील, आणि शेवटी हाती काही येणार नाही. या विचारानं सगुणाला पहिले दोन दिवस गोड झोप लागली. मग लागेनाशी झाली. रस्त्यात भेटली की हेमाली हात करायची, हीही करायची. बाजारात एकदा हेमालीनं ताज्या मांदेल्यांचा वाटा तिच्या पिशवीत टाकला, घे गं, तुला आवडतात म्हणून. त्या दिवशी सगुणाला इतकं वाटून गेलं की आत्ताच्या आत्ता हिला सांगावं, मशीन बंद कर, उकडलेली आहेत ती. तिनं मांदेली घरी आणून तळली आणि एकही खाल्ली नाही. हेमालीनं येऊन आपणहून सांगावं, ताई, चुकलं माझं, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यावर तिनं नरांचंही सोडून दिलं असतं. वाट बघत होती ती याची.

मे संपत आला होता. हवेत पान हलत नव्हतं. तरणे नर चोची उघडून धापा टाकत होते, त्यांतले दोन गेले. जुने असते तर या वेळी ओरडून आळी डोक्यावर घेतली असती.

हेमाली आली ती उन्हं कलल्यावर. नेहमी ती खांबाला टेकून पाय पसरायची, आज पडवीच्या कडेला अवघडून बसली. रिकामी टोपली तिनं बाजूला ठेवली आणि लगेच पुन्हा उचलून मांडीवर घेतली.

"न्हाय निगाली, ताई."

"एक बी न्हाय?"

"एक बी न्हाय."

तेवढ्यात खोपटाकडून कोंबडी आली. सगुणानं आज तिला कोंडलं नव्हतं. मागून लाव्यांची पिल्लं, आता चांगली मोठी झालेली, अंगावर ठिपके उमटलेली, धावतपळत अंगण ओलांडून गेली. कोंबडी दर चार पावलांवर थांबून मागं बघत होती. आपल्या पोटची असून ही अजून एवढीशीच कशी, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. एरवी हेमाली खो-खो हसली असती. ती बघत राहिली. पिल्लं केळीआड गेली तरी तिकडंच बघत राहिली.

"फोडून बगितलीस?" सगुणानं विचारलं.

हेमालीचं बोट टोपलीच्या कडेवरून फिरत होतं. उकडलेलं अंडं इतके दिवस उबेत राहिलं की त्याचं काय होतं, हे सगुणानं कधी बघितलं नव्हतं. पण ते रिकामं दिसत नाही, एवढं नक्की. आतला घट्ट गोळा बघून हेमाली काय समजायची ते समजली असणार. आता दोघींमध्ये लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, फक्त बोलायचं बाकी होतं.

"बगितली."

"मंग?"

सगुणानं श्वास धरला. सांग, ती मनातल्या मनात म्हणत होती. उकडलेली होती म्हण. माझ्या अंगावर धावून ये, शिव्या दे, काय वाटेल ते कर, पण खरं बोल.

"रिकामीच," हेमाली म्हणाली.

तिचं नाक लाल झालं नाही. डोळेही कोरडे होते. फक्त आवाज इतका बारीक आला, की तो तिचाच का असं वाटावं.

सगुणा उठली. आतल्या दारामागं सकाळपासून भरून ठेवलेली टोपली होती. त्या दिवशीची आणि आदल्या दिवशीची ताजी अंडी, एकेक हातानं वेचलेली. हेमाली खरं बोलली तर ही टोपली तिच्या हातात द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. ती बोलली नव्हती. पण या उन्हात अंडी किती दिवस टिकणार? कोंबडी आता पिल्लांमागं फिरत होती, पुन्हा खुडूक कधी बसेल कुणास ठाऊक. आणि खरं सांगायचं तर टोपली न देता हेमालीला परत पाठवायचं कसं, हे तिला येतच नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं तसं कधी केलं नव्हतं. तिनं टोपली आणून हेमालीपुढं लादीवर ठेवली.

"ही घेऊन जा. ताजी हायेत."

हेमालीनं टोपलीकडं बघितलं. मग सगुणाकडं. मग पुन्हा टोपलीकडं. अंडी नेहमीसारखीच दिसत होती, मागच्या वेळची दिसत होती तशीच.

"ऊन लागलंय तुला," सगुणा म्हणाली. "थांब, पानी आनते."

आत माठात तांब्या बुडवताना तिला पडवीतून आवाज आला. अगदी बारीक. गुळगुळीत लादीवर काहीतरी गोल फिरलं, डगमगलं आणि थांबलं. उकडलेलं अंडं जमिनीवर फिरवलं तर भिंगरीसारखं गरगरत राहतं, कच्चं लडबडून थांबतं. घराघरातल्या पोरांना हे ठाऊक असतं. थोड्या वेळानं दुसरं फिरलं. तेही डगमगून थांबलं.

सगुणा तांब्या हातात धरून माठापाशी उभी राहिली. पाणी तिच्या बोटांवरून खाली ओघळत होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आजपासून आपण खरं सांगितलं तरी हेमाली ते मानणार नाही, आणि हेमालीनं खरं सांगितलं तरी आपण मानणार नाही, एवढंच तिला लख्ख दिसलं. भांडं मुद्दाम आपटून आवाज करता आला असता, म्हणजे हेमालीला अंडी टोपलीत ठेवून द्यायला वेळ मिळाला असता. सगुणानं आवाज केला नाही. ती तशीच बाहेर आली.

एक अंडं दोघींच्या मधोमध लादीवर अजून हलत होतं. हेमालीनं झटकन त्यावर हात ठेवला.

सगुणानं तांब्या तिच्याजवळ ठेवला आणि समोर बसली.

"सगळी बग फिरवून," ती म्हणाली. "मला घाई न्हाय."

हेमालीनं मान खाली घातली. पाण्याला तिनं हात लावला नाही. मग हात पुढं करून तिनं टोपलीतलं तिसरं अंडं उचललं.